थ्री-पीस सुटातली गरिबी

आम्ही सरकारी हिशोबाने गरीब ठरलो, त्या दिवशी मी बासुंदी केली होती.

त्याआधी आम्ही गरीब नव्हतो. म्हणजे होतो, पण पुरेसे नव्हतो! बॉनमध्ये कमी उत्पन्नवाल्यांसाठी स्वस्त भाड्याची घरं असतात आणि त्यासाठी एक दाखला लागतो. त्याचं जर्मन नाव इतकं लांब, की उच्चारून होईपर्यंत घर दुसऱ्याला जातं. म्हणून सगळे त्याला 'वे-बे-एस' म्हणतात. उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर दाखला, नाहीतर 'चूस', म्हणजे जर्मनमध्ये टाटा! माझा नवरा मिलिंद विद्यापीठात झाडांच्या मुळांवर पीएचडी करत होता, मी एका प्रयोगशाळेत अर्धा दिवस नोकरी करत होते, आणि दोघांची मिळून कमाई त्या मर्यादेच्या किंचित वर जात होती. अर्ज परत आला की मिलिंद म्हणायचा, "थोडक्यात हुकली गं गरिबी!"

मग नव्या वर्षात त्या मर्यादाच सुधारून आल्या. महागाई वाढली म्हणून रेषा वर सरकली आणि आम्ही जागचे न हलता तिच्या खाली आलो. दाखला हातात पडला. मिलिंदने तो दोनदा वाचला आणि बासुंदीची वाटी चाटूनपुसून साफ केली.

घराची गरज मात्र थट्टेची नव्हती. आम्ही छपराखालच्या दीड खोलीत राहत होतो. छप्पर असं उतरतं, की मिलिंदला ताठ उभं राहायला खोलीच्या मधोमध तेवढी एक पट्टी होती. प्रबंध तो कोरड्या बाथटबमध्ये उशी टाकून लिहायचा (कोणाला अंघोळ करायची असली की विज्ञान थांबायचं). त्यात घरमालकाने स्वतःच्या मुलीसाठी जागा हवी म्हणून आम्हाला नोटीस दिली. उन्हाळा संपायच्या आत बाहेर पडायचं होतं. आणि नेमके तेव्हाच नागपूरहून तीन महिन्यांसाठी माझे सासरे, म्हणजे बाबा, राहायला आले.

बाबा सरकारी खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. रोज सकाळी बुद्धवंदना, मग इस्त्रीचा शर्ट, मग चहा. हा क्रम नागपूरच्या मे महिन्यात बदलला नाही, तर बॉनमध्ये काय बदलणार! आमची पाच वर्षांची मुलगी मैत्री त्यांना जर्मन शिकवायची. महिन्याभरात ते दोन शब्द शिकले, 'गेनाऊ' आणि 'चूस'. एवढ्यावर ते बेकरीपासून बागेपर्यंत सगळे व्यवहार उरकायचे. समोरचा काहीही बोलला की मान डोलावून भारदस्त आवाजात "गेनाऊ" म्हणायचं, म्हणजे अगदी बरोबर. समोरचा खूश!

आणि एके दिवशी शहराच्या घरकुल कंपनीतून फोन आला. तळमजल्यावर तीन खोल्या, मागे बाल्कनी. शनिवारी सकाळी बघायला या, आणखी चार-पाच कुटुंबं येतील, कंपनीच्या बाई, फ्राऊ ब्रिंकमान, दाखवतील.

मी ताबडतोब युद्धपातळीवर कामाला लागले. "हे बघा, तिथे गरजू दिसायला हवं. उगाच भपका नको. साधे कपडे घाला."

"साधे म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे जरा गरिबाघरचे वाटतील असे."

"प्रज्ञा, हा मुसावादा झाला." (पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं. वंदनेचं आमच्या घरी असं रोजच्या रोज प्रात्यक्षिक चालतं.)

"खोटं कुठे बोलतोय, बाबा? दाखला खराच आहे. फक्त चेहऱ्यांनी त्याला साथ द्यायची."

शनिवारी मी माझा कोपराला भोक पडलेला राखाडी स्वेटर काढला. मंगळसूत्र आत ढकललं, केस बांधले नाहीत, मिलिंदला त्याची रंग उडालेली पँट दिली. आरशात पाहून मलाच माझी दया आली. एवढ्यात बाथरूमचं दार उघडलं आणि बाबा बाहेर आले. गडद निळा थ्री-पीस सूट! टाय, टायला पिन, वरच्या खिशात घडी घातलेला रुमाल, आणि बुटांना असं पॉलिश, की त्यात मला माझा स्वेटर दिसला.

"बाबा, अहो हे काय?"

"घर मागाले जायचं ना? मग कोट पाह्यजे."

"ओपा झीट टोल आउस!" मैत्रीने टाळ्या वाजवल्या. ओपा, म्हणजे आजोबा, भारी दिसतायत, हे तिचं मत. तिला घराची चिंता नव्हती.

बस निघायची वेळ झाली होती, त्यामुळे मी वाद आवरता घेतला. वाटेत बाबांनी त्यांची छत्री आणि मफलर माझ्याकडे दिला आणि मी गुमान धरला.

आम्ही पोचलो तेव्हा इमारतीच्या दाराशी लोक थांबले होते. फ्राऊ ब्रिंकमानना उशीर होणार होता. लोकांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, मग बाबांच्या सुटाकडे, आणि सगळे जरा सावरून उभे राहिले. काठी टेकत एक आजोबा पुढे आले, त्यांनी 'गूटेन मोर्गन' म्हणून टोपी काढली आणि आपली फाइल बाबांपुढे धरली.

आता इथे नागपूरचा कोणताही माणूस सांगेल, की पुढे काय होणार! ज्या माणसाने हयातभर टेबलामागे बसून लोकांचे कागद घेतले, त्याच्यापुढे कोणी कागद धरला, तर तो घेणार नाही का? बाबांनी घेतला. चष्मा वर केला, पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, बोटांनी 'घरात किती जण?' असं विचारलं. आजोबांनी एक बोट दाखवलं आणि गुडघ्याकडे बघत बरंच काही सांगितलं.

"गेनाऊ," बाबा म्हणाले आणि फाइल माझ्या हातात दिली.

मग काय, रांगच लागली! एक जोडपं, त्यांच्या मागे तीन मुलांची आई, तिच्या मागे म्हाताऱ्या आईला चाकाच्या खुर्चीत बसवून आणलेली एक बाई. बाबा खुणांनी मजला, जिना, लिफ्ट विचारत प्रत्येकाचं ऐकून घेत होते, 'गेनाऊ' देत होते, आणि फाइल माझ्याकडे. एका हातात छत्री, गळ्यात मफलर, दुसऱ्या हातावर चार कुटुंबांचं भवितव्य! त्या जोडप्यातल्या बाईने तर स्वतःचा रिकामा कॉफीचा कप अलगद माझ्या हातात ठेवला आणि हसून आभार मानले.

"मिलिंद, थांबव त्यांना!" मी दातांतून बोलले.

"बाबा, अहो, ते तुम्हाला कंपनीचे साहेब समजतायत."

"समजू दे ना बाप्पा. लोकं केव्हाचे उभे आहेत. कोणी तरी ऐकून घ्याले नको काय?"

त्यांनी सगळ्या फायली माझ्याकडून घेतल्या आणि पायरीवर बसून त्या चाळायला लागले. ते संपवून त्यांनी आमचीही मागितली. मला वाटलं, आता निदान आपली वर ठेवतील. एवढ्यात सायकलवरून उतरत, धापा टाकत, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन खऱ्या फ्राऊ ब्रिंकमान आल्या. समोर रांगेत उभे असलेले शांत अर्जदार आणि पायरीवर सुटातला अनोळखी साहेब पाहून त्या हेल्मेट न काढताच थबकल्या.

बाबा उठले आणि इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, गरजेप्रमाणे लावून ठेवल्या आहेत. पहिली या ताईंची. त्यांच्या आई चाकाच्या खुर्चीत आणि राहतात लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर. तळमजला त्यांनाच द्यायला हवा."

फ्राऊ ब्रिंकमाननी फायली पाहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा भाव उमटला, की मुरलेला कारकून मुरलेल्या कारकुनाला ओळखतो तेव्हाच तो उमटत असेल. "नीटनेटकं काम आहे," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही कोण?"

"मी याचा बाप. आमची फाइल चौथी आहे."

"चौथी?" मिलिंद किंचाळला. "बाबा, आपणच घर मागायला आलोय!"

"म्हणूनच चौथी. पहिली ठेवली असती तर वशिला झाला असता!"

इथवर आमचं घर गेलं होतं. पण बाबांनी काम अर्धवट सोडलेलं माझ्या ऐकिवात नाही. फ्राऊ ब्रिंकमाननी आमची फाइल उघडून सहज विचारलं, "म्हणजे तुमच्या मुलाचं उत्पन्न कमी आहे तर?"

"कमी?" बाबांची छाती सुटातून पुढे आली. "कोण म्हणतं कमी? माझा मुलगा शास्त्रज्ञ आहे, मॅडम! फार मोठ्या हुद्द्यावर. नागपूरला माझं स्वतःचं दुमजली घर आहे, पुढे आंबा, मागे आंबा!"

मिलिंदने डोळे मिटले. फ्राऊ ब्रिंकमानची नजर आता माझ्यावर आली. भोकाचा स्वेटर, विस्कटलेले केस, साहेबांची छत्री, कॉफीचा कप. त्यांचा आवाज थंड झाला. "आणि या बाई तुमच्याकडे कामाला असतात का? घरकामाला माणूस ठेवणाऱ्यांना हा दाखला मिळाला कसा?"

"कामाला?" बाबा भडकलेच. "माझी सून आहे ती! एमएस्सी, विद्यापीठात पहिली! तिलासुद्धा उत्तम नोकरी आहे!"

"आल्झो..." म्हणजे 'असं तर...', फ्राऊ ब्रिंकमान एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी फाइल बंद केली.

आम्ही बस स्टॉपवर आलो. तिथे मात्र माझा बांध फुटला. "बाबा, एकच गोष्ट सांगितली होती, साधे कपडे घाला! आता आम्ही जायचं कुठे? मिलिंदने प्रबंध काय रस्त्यावर टब टाकून लिहायचा? कशासाठी तो कोट?"

बाबांनी माझ्या हातातली छत्री काढून घेतली. मग म्हणाले, "मिलिंद वर्षाचा होता तेव्हा माझी बदली झाली. नव्या गावात घर पाहत फिरत होतो. मालक घर दाखवायचे, चहा द्यायचे, मग आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की घर आत्ताच दुसऱ्याला दिलेलं असायचं. पोरगं खांद्यावर झोपलेलं, याची आई उन्हात उभी. तेव्हा मी घामेजलेल्या शर्टात होतो. परत येऊन पहिला कोट शिवला. म्हटलं, आता ज्याला 'नाही' म्हणायचं असेल त्यानं या कोटाकडे पाहून म्हणावं."

ही गोष्ट मिलिंदलाही ठाऊक नव्हती. मला इतकी लाज वाटली, की त्या स्वेटरच्या भोकात शिरून नाहीसं व्हावंसं वाटलं. मी या माणसाला दीनवाणं दिसायला सांगितलं होतं! बस आली तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि बाबांनी तो नागपूरपर्यंत जायचं असल्यासारखा घट्ट धरून ठेवला.

पुढचे काही दिवस फोन वाजला की मी दचकायचे. शेवटी तो आलाच. फ्राऊ ब्रिंकमान म्हणाल्या, तळमजला त्या आई-लेकीला दिला. मी म्हटलं, योग्यच केलंत (आणि ते मनापासून म्हटलं, याचं मलाच आश्चर्य वाटलं). त्या पुढे म्हणाल्या, "त्यामुळे त्यांचं तिसऱ्या मजल्यावरचं घर रिकामं होतंय. शेजारच्याच इमारतीत, तेही आमच्या कंपनीचंच. काठीवाल्या आजोबांना आणि तीन मुलांच्या आईला जिने नकोत. यादीत चौथे तुम्ही. घेता?"

"पण... बाबा जे बोलले ते..."

"मुलाचा पगार वडिलांना विचारायचा नसतो. माझे वडीलही मला अजून कंपनीची मालकीण म्हणतात. कागद मी पाहिलेत. तुम्ही व्यवस्थित गरीब आहात."

माझ्याबद्दल इतकं छान क्वचितच कोणी बोललं असेल! मी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "गेनाऊ," आणि पेपर वाचायला लागले.

बाबा नागपूरला परतल्यावर आम्ही त्या घरात गेलो. मिलिंद पहिल्या दिवशी सगळ्या खोल्यांतून ताठ उभा राहून फिरला. पण आमच्या आधी आमची कीर्ती जिना चढून गेली होती. शेजारी तळमजल्यावर गेलेल्या ताईंनी जाण्याआधी जिन्यातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की साहेबांचा मुलगा राहायला येतोय. नळ गळला, तळघरातला दिवा गेला, की लोक आमची बेल वाजवू लागले. सुरुवातीला मी समजावलं, की आमचा कंपनीशी काही संबंध नाही. सगळे समजूतदार हसायचे. माझ्या नम्रतेचं जिन्यात फार कौतुक झालं. हळूहळू मीही तक्रारी ऐकून घ्यायला लागले आणि फ्राऊ ब्रिंकमानना फोन करायला लागले. नव्या मर्यादा आल्या की आख्खा जिना चहाला माझ्या स्वयंपाकघरात! 'आम्ही अजून बसतो का?' मी प्रत्येकाला बसवून दिलं.

शेवटी आमचं स्वतःचं पाहिलं. मिलिंदची पीएचडी झाली होती, त्याला नोकरी लागली होती, आणि आम्ही पार रेषेबाहेर गेलो होतो! राहत्या घरातून कोणी काढत नाही, पण हिशोब म्हणजे हिशोब. जिन्यात कायद्याने श्रीमंत असं एकमेव कुटुंब आमचं, आणि भर थंडीत हीटर बंद पडला तोही आमचाच. फ्राऊ ब्रिंकमान नेमक्या रजेवर. शेजाऱ्यांना विचारलं, तक्रार कुठे करू? तर सगळ्यांनी एकमुखाने आमचंच दार दाखवलं. गेले तीन दिवस मी दोन स्वेटर घालून बसले आहे. आता बाहेर जाऊन स्वतःची बेल वाजवून पाहायची, एवढंच काय ते राहिलंय.