वीर निवेपर्यंत

किन्हवलीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला एक तलाव आहे आणि तलावाच्या काठी अठरा घरांचा पाडा. धरण झालं तेव्हा जुना पाडा पाण्याखाली गेला. माणसं वर सरकली, वीर खालीच राहिले. वीर म्हणजे घरातल्या गेलेल्या कर्त्या माणसाच्या नावानं कोरून पुरलेला दगड. वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावरचा माणूस. वीर जागचा हलवायचा नाही, ही पाड्याची रीत. वैशाखात पाणी उतरलं की ते सात दगड चिखलातून डोकं काढत.

जैतूनं साठी ओलांडली होती. सगळा जन्म हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकण्यात गेला. पाण्याखाली कुठं जुनी विहीर, कुठं कुणाचा उंबरा, सगळं त्याला ठाऊक. दर वैशाखात तो आज्याच्या वीराला शेंदूर लावी, तांदूळ वाही. बाकीच्यांनी यायचं सोडलं होतं. आपण नाही सोडलं, याचा त्याला ताठा होता.

पुतण्या सुनिलनं दोन वर्षांमागं काठावर तंबू ठोकले. शनिवारी शहरातली माणसं येत आणि जैतू त्यांना डोंगर फिरवून आणी. माहुलीचे सुळके लांबून दाखवी, करवंदं तोडून देई. करवंदीच्या जाळीत त्यांनीच टाकलेले पोरांचे लंगोट तो काठीनं बाजूला सारी.

त्या शनिवारी कोरड्या कड्याखाली एका बाईनं विचारलं, "काका, धबधबा कुठाय?"

"गावाला गेलाय. आषाढात येल."

सगळे हसले. जैतू हसला नाही.

दुपारी परत आला तेव्हा तंबूपुढं तीन दगडांची चूल पेटली होती आणि जाळीवर कोंबडी भाजत होती. त्यातला एक दगड चपटा, उभा. त्यावर शेंदराचा ओघळ. शेंदूर त्यानंच आठ दिवसांमागं लावला होता. आता घोड्याच्या पायांवरून कोंबडीची चरबी उतरत होती.

"यो दगड कुठला, सुनिल?"

"खालचा, चिखलातला. चांगला सपाट गावला."

"तुझा पणजा हाय तो."

सुनिल दगडाकडं बघत राहिला. वीरांना शेंदूर लावायला तो कधी खाली उतरलाच नव्हता; कुठला दगड कुणाचा, त्याला ठाऊक नव्हतं. मग हळूच म्हणाला, "पावणं जेवू देत, काका. मंग काढतो."

जैतूला या बोलण्याची किळस आली. चरबीची आली नव्हती इतकी. त्यानं जाळी उचलून बाजूला ठेवली आणि काठीनं निखारे ओढले. पाहुणे कुरकुरले. एक पोरगी थंड पाण्याची बाटली घेऊन आली. "ओतू का? लवकर गार होईल."

"नको. फुटंल."

तापल्या दगडावर पाणी पडलं तर तो तडकतो. निवेपर्यंत थांबायचं, दुसरा इलाज नाही. जैतू उन्हात दगडापाशी बसला. पाहुण्यांनी दुसरी चूल मांडली, तिथं गाणी लागली. कुणी हाडं चघळून तलावात भिरकावली, कुणी चूळ भरून काठावरच थुंकला. ह्याच पाण्यावर आपण पोट भरलं, जैतूच्या मनात आलं, आणि ह्यांना वाट दाखवली तीही आपणच. तो विचार त्याला फार घाण वाटला.

एका माणसानं कागदी ताटलीत तंगडी आणून पुढं धरली. "घ्या ना काका, लाजू नका."

"तुमी जेवा."

उन्हं कलली तेव्हा दगडाला हात लावता आला. त्यानं राखेनं घासला, पाण्यानं धुतला, पुन्हा घासला. वास जाईना. उचलायला गेला तर दगड जागचा हलेना.

सुनिल मघापासून मागं उभा होता. "मी धरतो."

"नको."

जैतूनं आणखी दोनदा जोर लावला. दगड वीतभर उठला आणि खाली बसला.

"धर तिकडून," तो शेवटी म्हणाला.

दोघं चिखल तुडवत खाली गेले. सहा वीर उभे होते आणि एक खड्डा रिकामा. सुनिलनं हातानं चिखल काढला, दगड खड्ड्यात उतरवला आणि दाबू लागला.

"उलटा लावतोस. तोंड उगवतीला."

सुनिलनं दगड फिरवला. जैतूनं कडेला माती भरली, हात गवताला पुसले आणि त्याच्याकडं न बघता वर चालू लागला.