रस्त्याकडून पहिली रेघ

त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. ट्रॅक्टर घेऊन लोकांची शेतं नांगरून देणारा हा गडी रेघ अशी ओढायचा, की बघणाऱ्याने मान डोलवावी. आणि मान डोलावली नाही तर हा ती डोलेपर्यंत तिथून हलेल, तर शपथ!

पण या सरळ माणसाला एक दुखणं होतं, ते म्हणजे त्याची थोरली बहीण. ताईचं गव्हाचं शेत अगदी मोठ्या रस्त्याला लागून, आणि बाईने नांगरणी सोडून दिलेली. गहू कापला की खुंटं तशीच उभी, वर काड पसरलेलं, आणि पुढचं बी त्या पसाऱ्यातच पेरायचं. जाणारा-येणारा विचारायचा, "काय हो ओळंबा, सख्ख्या बहिणीला नांगरून देत नाही होय?" हा वरवर हसायचा आणि आतून जळायचा.

एकदा ताईने त्याला बोलावून पातळ लोखंडी सळई एका हाताने जमिनीत दाबून दाखवली. सळई गुडघाभर आत गेली. "बघ, किती मोकळी झालीय. पडेल ते पाणी पिते. तुझं ते धूड एकदा हिच्यावरून गेलं ना, की बसलीच दबून."

"ताई, सुई टोचून कुठे शेती होते का गं?" तो म्हणाला. "उद्या हिला ताप आलाय का तेही बघशील!" ताईही हसली. विषय तिथेच राहिला.

मग ताई लेकीच्या बाळंतपणाला गेली. जाताना म्हणाली, "घराकडे लक्ष ठेव रे." ती गेली आणि पाऊस पडला, चांगला दणकून. ओल्या रानात ट्रॅक्टर घालायचा नसतो, हे ओळंब्याला कळत नव्हतं असं मुळीच नाही. पण एक मोठे जमीनदार त्याचं काम बघायला त्याच रस्त्याने येणार होते. सगळी जमीन नांगरायला याच्याच हाती देण्याचं चाललेलं. त्यांनी आधी काय बघावं, तर बहिणीचा उकिरडा? त्याने पलटी नांगर जोडला आणि पहिली रेघ रस्त्याच्या कडेने ओढली. चाकं रुतत होती, माती चकचकीत होऊन उलटत होती. त्याने मागे वळून पाहिलं, तर रेघ दोरीसारखी सरळ. झालं, स्वारी खूश! जमीनदारांनीही मान डोलावली आणि काम दिलं.

ताई परतली ती बांधावरच थबकली.

"तुझे कष्ट वाचवले बघ," ओळंबा म्हणाला.

"ओल होती का रे?"

"थोडीशी."

तिने सळई आणली. वीतभर गेली आणि अडली. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा सळईच वाकली. ताईने ती गुडघ्यावर दाबून सरळ केली. मग म्हणाली, "माझ्यासाठी केलंस ना? चल, चहा घे." सुटलो एकदाचा, असं मनात म्हणत गड्याने चहा घेतला.

गहू उगवला, मध्ये एक पाऊस झाला आणि पाणी शेतात तसंच तुंबून राहिलं. खाली मुरायला वाटच नव्हती. मग जिथून जिथून चाकं गेली होती, तिथला गहू पिवळा पडला. हिरव्या शेतात पिवळे पट्टे, आणि तेही कसे? अगदी सरळ! काम कुणाचं ते कळायला खाली सही करायचं काही कारणच उरलं नाही.

चहाच्या टपरीवर एकजण ओरडला, "ओळंबा, रेघ मात्र सरळ हं!" सगळे खो खो हसले. तेव्हा सुट्या भागांचा दुकानदार म्हणाला, "त्याला कशाला बोलता? तो नको नको म्हणत होता, बहिणीनेच घाई केली. तिने स्वतः सांगितलं मला."

ओळंब्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे खोटं आहे, एवढं बोलायला कितीसं लागतं? पण तो बोलला नाही. उरलेला चहा पिऊन घरी आला आणि बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि तुम्ही गप्प बसलात?"

सकाळी तो ताईकडे गेला. ती बी निवडत बसली होती.

"ताई, मी तुझ्यासाठी नव्हतं केलं गं. मला तुझ्या शेताची लाज वाटायची."

"ठाऊक आहे," ती मान वर न करता म्हणाली. "माझ्यासाठी करणारा सखल कोपऱ्यातून सुरुवात करतो. तिथे पाणी साचतं. तू रस्त्याकडून केलीस."

"मग लोकांना खोटं का सांगितलंस?"

"तुझं पोट आहे ना त्या रेघांवर. एकदा बोलले, पुन्हा नाही बोलणार."

"जमीन पुन्हा तशी व्हायला किती दिवस लागतील?"

"दिवस?" आता मात्र ताईचा आवाज चढला. "वर्षं घातलीत रे मी तिच्यात! तुला विचारावंसंसुद्धा वाटलं नाही?" तिने कोपऱ्यातली सळई उचलून त्याच्या हातात दिली. "घे. तूच बघत जा."

त्याने ट्रॅक्टर रस्त्यावर, सगळ्यांना दिसेल असा उभा केला आणि सळई घेऊन पायी शेतात उतरला. थोड्या वेळाने जमीनदारांची गाडी येऊन थांबली. "अहो, हे पट्टे कसले? कुणी केलं हे?"

"मी," ओळंबा म्हणाला. कान तापले होते, पण आवाज निघाला. "बहीण घरी नव्हती, तिला विचारलं नाही. रान ओलं होतं, तेही ठाऊक होतं. तुम्हाला दाखवायला केलं."

जमीनदारांनी काच वर केली आणि गाडी निघून गेली. लाजेने जमिनीत गडप व्हावं, असं त्याला फार वाटलं. त्याने दोन्ही हातांनी सळई दाबली. ती वीतभर गेली आणि थांबली.