चांगुणेचा वाटा

बुधवार, २१ फेब्रुवारी २०२४. तीस वर्षं दारावर मासळी आणणारी चांगुणा आज रिकामी टोपली घेऊन आली. कारखान्याच्या पाण्याने खाडीतली मासळी मेली होती.

“धंदा बंद, बाय. उद्यापासून सुकापूरला धुणीभांडी.”

कारखान्याला दंड झाल्याचं मी वाचलं होतं. विचारलं, “त्यातलं तुम्हा लोकांना काही मिळालं?”

ती हसली. “दंड सरकारात गेला. जलमभर आमी वाटे लावले, पन त्यात आमचा वाटा नाय.”

ती मासे कधी तोलत नसे. वाटे लावायची आणि माझ्या वाट्यावर एक मासा जास्तीचा टाकायची. तिला काय द्यावं, मला सुचेना. चहा दिला.

संध्याकाळी मुगाची खिचडी केली. तिच्याकडून मासळी घ्यायचं ताट घासून माळ्यावर ठेवलं.