जाजम वाळेपर्यंत

गिरणीतून काढून टाकल्यावर आमच्या मालकांनी गालिचे, सतरंज्या आणि जाजमं धुण्याचा धंदा काढायचं ठरवलं, तेव्हा सोलापुरात प्यायच्या पाण्याची मारामार होती. यावरून आमचे मालक कसे होते ते समजावं. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडे बायका नवऱ्याला तेच म्हणत, मालकी कसली ते कुणी विचारत नसे.

सासरचं घराणं वळसंगकडचं, मेंढरांचं. लोकर कातरायच्या आधी मेंढरं ओढ्यात घालून धुवावी लागतात, आणि मालक त्या कामात लहानपणापासून पटाईत. त्यांचं म्हणणं एवढंच, की गालिचा म्हणजे न पळणारं मेंढरू. पळणारं धुता येतं तर न पळणारं काय अवघड? मी रिठे फोडायला बसले. भाऊबंद मात्र बोलले. हा परटाचा धंदा झाला, म्हणाले. मालकांनी त्यांना समजावलं की परीट अंगावरचं धुतो, आपण बुडाखालचं धुणार, दोन्हींत फरक आहे. भाऊबंदांना फरक पटला, आणि धंदा आणखीच हलका वाटायला लागला.

गावाबाहेरच्या एका मळेकऱ्याशी बोलणं झालं. त्याच्या विहिरीच्या मोटेचं पाणी आधी आमच्या फरशीवर यावं आणि मळकं होऊन त्याच्या कडवळाला, म्हणजे गुरांच्या हिरव्या चाऱ्याला, जावं. आमच्याजवळ रिठे होते, खारी माती होती, रंग फुटू नये म्हणून तुरटी होती, आणि धूळ झोडपायला काठ्या होत्या. मळेकरी भला माणूस, पण तोंडाचा सैल. एका नाटक कंपनीचं जाजम आम्ही धुतलं, आणि त्या पाण्यावरचं कडवळ खाऊन आपली म्हैस धार काढताना मान डोलावते असं तो सगळीकडे सांगत सुटला. लोक म्हैस बघायला यायचे. जाजम घेऊन कुणी येत नसे.

कारण जाजम झटकायचं असतं, धुवायचं नसतं, अशी गावाची पक्की समजूत. एका शेटजींनी तर मालकांना ऐकवलं की आमच्या बैठकीत तीन पिढ्यांची पायधूळ आहे, ती धुऊन घरची बरकत घालवू काय?

पहिलं भारी काम एका वकिलांनी दिलं. त्यांच्या कचेरीतला गालिचा तपकिरी होता. आम्ही तो धुतला, तर आतून लाल निघाला आणि वर हिरव्या वेली. मालक हरखून गेले. वकील म्हणाले, हा माझा नव्हे. माझा तपकिरी होता, वीस वर्षं मी त्यावर उभा आहे. मग त्यांनी मालकांची उलटतपासणीच घेतली. तुम्ही गालिचा कोणत्या दिवशी नेला, वाटेत कुठे ठेवला, त्या वेळी साक्षीला कोण होतं. मालक घामाघूम होऊन परत आले आणि म्हणाले की आपण चोर असू की काय असं मलाही वाटायला लागलंय. पुढे खेड्यापाड्यांतले पक्षकार धुळीच्या पायांनी येऊन गेले, रंग जरा खाली बसला, आणि वकिलांना आपला गालिचा हळूहळू ओळखू यायला लागला.

त्या दिवसापासून मी नियम केला. काहीही धुवायला आलं तरी एक कोपरा तसाच मळका सोडायचा. त्याला आम्ही ओळखीचा कोपरा म्हणायचो. तो बघून गिऱ्हाइकानं माल ओळखावा आणि मग घरी नेऊन तेवढा हातानं धुवावा. गिऱ्हाइकांना हे फार आवडलं. धुतलेल्यापेक्षा न धुतलेल्या कोपऱ्याचंच कौतुक जास्त व्हायचं. धंदा लागला तो त्या कोपऱ्यामुळे, माझं डोकं चाललं म्हणून, आणि हे मालकांनी जन्मात कबूल केलं नाही.

हळूहळू नाटकगृहाचं, साहेबांच्या क्लबातलं असं काम येऊ लागलं आणि शेवटी जातीची जाजमं यायला लागली. हे नीट सांगायला हवं. त्या काळी जातीजातीचं आपापलं एक मोठं जाजम असे. ते अंथरलं की पंच त्यावर बसत आणि निवाडा करत. परजातीच्या माणसाला तिथं जागा नसेच, आणि ज्याला वाळीत टाकलं त्यालाही त्या जाजमावर पाय ठेवायची बंदी. तो समोर मातीत बसे, लग्नकार्यातसुद्धा. असं जाजम म्हणजे गाडीभर वजन आणि वर्षानुवर्षांची पानाची पिंक. आमची चूल त्या जाजमांवर चालत होती, असं म्हणायला हरकत नाही.

एका उन्हाळ्यात अशाच एका जातीचं जाजम आलं. कोणती जात ते सांगत नाही, अजून घरी भांडायला येतील. सकाळी धुणं उरकून आम्ही ते खडकावर वाळत घातलं. मालक शहरात गेले. मी काठी घेऊन कुत्री हाकत बसले होते. तेवढ्यात पागोटं बांधलेला एक मध्यमवयाचा माणूस आला, जाजमाकडे बघत उभा राहिला आणि विचारायला लागला की हे अमक्यांचं न्हवं का. मी हो म्हटलं. त्यानं वहाणा काढल्या.

"वहिनी, जरा बसू का? दोन वर्सं झाली बसून."

ओलं आहे, असं मी म्हणेपर्यंत तो मधोमध जाऊन मांडी घालून बसलाही होता. भाकरीचं फडकं सोडून त्यानं मला सगळं सांगितलं. जातीच्या पंगतीत पंच जेवून हात धुवायच्या आधीच हा उठला होता, कारण बाहेर याचा बैल सुटून पळाला होता. पंच म्हणाले, पागोटं पायावर ठेव. हा म्हणाला, पळाला बैल, मी कशाला ठेवू. तिथून वाळीत. आता दुधनीच्या पाहुण्यांकडे लेकीचं लग्न ठरत आलं होतं, आणि पाहुण्यांनी निरोप धाडला होता की मुलीचा बाप जाजमावर बसणार नसेल तर आम्ही वरात आणणार नाही. अक्षयतृतीया तोंडावर आली होती. पोरगी घरात कुणाशी बोलत नव्हती. पागोटं पायावर ठेवायला आता तो तयारही होता, पण पंचांनी त्याला जाजमाजवळच येऊ दिलं नव्हतं.

मी त्याला ऊठ म्हणाले नाही. मला त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर गंमतही वाटली. मळेकऱ्यानं मात्र हे बघितलं आणि शहराकडे धूम ठोकली. त्यानं मालकांना सांगितलं. मालकांनी शहाणपणा करून पंचांना सांगितलं. टळटळीत दुपारी सगळे टांग्यातून उतरले.

मोठे पंच भारदस्त गृहस्थ होते. त्यांनी जाजमाच्या काठाशी येऊन त्याला उठायला सांगितलं. तो भाकरी खात म्हणाला, "जाजमावर बसून सांगा की. उभ्यानं सांगितलेलं चालत न्हाय, तुमचाच कायदा हाय."

कायदा खरोखरच तसा होता. पंचाचा शब्द जाजमावर बसून दिला तरच शब्द. पण दुसरा कायदा असा, की वाळीत टाकलेल्या माणसासोबत जो जाजमावर बसेल तोही वाळीत. म्हणजे बसल्याशिवाय उठवता येईना आणि तो उठल्याशिवाय बसता येईना. पंच काठावर उभे राहिले. एकाचा अंगठा जाजमाला लागत होता, तो दुसऱ्यानं मागे घ्यायला लावला.

जाजमासकट उचलून त्याला बाहेर ठेवावा, असं एकानं सुचवलं. पण उचलायचं तर जाजमाला हात लावावा लागतो, आणि हात टेकणं म्हणजे बसणं धरायचं की नाही यावर बराच वेळ गेला. एकजण अक्कलकोटच्या पलीकडचा होता, तो चिडला की कानडीत बोलायचा. मग त्याला काय हवंय ते त्याचं त्यालाच मराठीत सांगावं लागे. त्यानं मला म्हटलं की वर पाणी ओता, आपोआप उठेल. मी म्हटलं की मोट सुटली, बैल चरायला गेले. बैलाचं नाव निघाल्यावर मोठ्या पंचांचं तोंड आणखीच उतरलं. मालक एकेकाला रिठ्याच्या पोत्यावर बसायचा आग्रह करत होते, कारण ही जात बिथरली तर बाकीच्याही आपापली जाजमं उचलून नेतील हे त्यांना दिसत होतं.

शेवटी सगळ्यांत धाकट्या पंचाला तोड सुचली. तो म्हणाला की धुणं चाललंय तोवर हे जाजमच नव्हे, नुसतं कापड. न्हाणीतला देव पूजेला चालतो का? मग कापडावर कुणी का बसेना, आपल्याला काय त्याचं?

सगळ्यांना इतकं हायसं वाटलं की विचारू नका. एव्हाना ऊन कललं होतं आणि जाजमाच्या एका टोकावर लिंबाची सावली आली होती. पाय तर सगळ्यांचेच भाजत होते. आधी कानडीवाले बसले, मग धाकटे, आणि कापडच आहे म्हटल्यावर मोठे पंचही धोतर सावरून टेकले. एकानं पानाची चंची सोडली. मी हळहळले, कारण पिंक परत मलाच काढावी लागली असती.

मधोमध बसलेल्या माणसाची भाकरी एव्हाना संपली होती. पंच नीट टेकल्यावर त्यानं फडकं झटकलं आणि माझ्याकडे वळला.

"वहिनी, धुणं झालंय का अजून चाललंय?"

पंचांची चंची तशीच उघडी राहिली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या मागे उभे राहून मालक मला डोळ्यांनी, मानेनं आणि दोन्ही हातांनी नाही म्हण, नाही म्हण असं सांगत होते. मला भीती वाटली नाही असं नाही. घरात लहान मूल होतं, दुसरं यायचं होतं. पण हे भरल्या पोटाचे पंच एका पळालेल्या बैलापायी एका पोरीचं लग्न मोडायला निघाले होते आणि वर माझ्या ओल्या जाजमावर पान खायला बसले होते, याचा मला भयंकर राग आला होता. आणि धुणं झालं की नाही हे मला विचारलं होतं. ते तर माझं काम.

"झालंय की. सकाळीच झालंय," मी म्हटलं. "आता निस्तं वाळतंय."

मोठ्या पंचांनी मळक्या कोपऱ्याकडे बोट केलं. हा राहिलाय की, म्हणाले.

"त्यो वळकीचा. त्यो ठिवला म्हंजी आमचं काम संपलं. साऱ्या सोलापुराला ठाव हाय."

मालकांनी खाली मान घातली. पंच बसल्या जागी हिशेब करत राहिले. जाजम हे जाजमच, आणि ते सगळे वाळीतल्या माणसासोबत त्यावर बसलेले. तेव्हा एक तर तो आत आला होता किंवा हे सगळे बाहेर गेले होते, आणि सगळेच पंच बाहेर गेले तर त्यांना परत आत घ्यायला कुणी शिल्लक राहत नव्हतं. मग मोठे पंच खाकरले. याला मागच्या अमावास्येलाच आत घेतला होता, म्हणाले, सांगायचं राहून गेलं.

तो माणूस तिथंच ओक्साबोक्शी रडला. नाक पुसायला त्यानं जाजम उचललं, तेवढं मात्र मी करू दिलं नाही.

मालक त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जाजमं बंद होणार याची त्यांना खात्री होती. झालं उलटंच. कुणाकुणाचे वाळीतले लोक आमच्याकडे येऊन विचारायला लागले की आमचं जाजम कधी धुवायला येणार. एकानं तर माढ्याहून आपल्या जातीचं जाजम स्वतःच्या बैलगाडीत घालून आणलं, लई मळलंय म्हणाला. पंचांनाही ते सोयीचं पडलं. एखाद्याला आत घ्यायचं आहे पण आपला शब्द खाली पडू द्यायचा नाही, असा पेच आला की ते जाजम आमच्याकडे धाडत आणि दुपारी सहज म्हणून चक्कर मारत. मालकांना खडक पुरेना. आपण आधीपासून हेच म्हणत होतो, असं ते सांगू लागले.

त्या पोरीचं लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. तो माणूस स्वतः अक्षत घेऊन आमच्या घरी आला, माझ्या पाया पडला, म्हणाला की वहिनी तुम्ही आल्याशिवाय मी लेकीला बोहल्यावर चढू देणार नाही. मी ठेवणीतलं लुगडं नेसले. मांडवात तेच जाजम अंथरलं होतं, पांढरं स्वच्छ. लग्नकार्यात त्यांच्या बायकाही त्यावर बसत. कडेला बाया बसल्या होत्या, मधे दुधनीचे पाहुणे आणि तो स्वतः सगळ्यांत पुढे. त्या जाजमाचा वीत न् वीत मी पायांनी तुडवून काढला होता, त्यामुळे विचार न करताच मी वहाणा काढून त्यावर पाऊल टाकायला गेले.

तो धावत आला. हात जोडलेले, डोळ्यांत पाणी, तोंडावर इतकी माया की मला वाटलं हा सगळ्यांसमोर काहीतरी बोलणार.

"वहिनी, तुमी हितं बसा," तो म्हणाला, आणि जाजमाबाहेर मातीत अंथरलेल्या पोत्याकडे त्यानं हात केला. "नवं हाय. तुमच्यासाटीच आणलंय."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मालक केव्हाच पोत्यावर बसले होते आणि मला जागा करून देत होते. मी बसले.