कच्च्या तेलाचा घास

एकोणीसशे साठच्या आधीची दोन-तीन वर्षे. मी अर्जुनी मोरगावला शिक्षक होतो. जेवणानंतर आईच्या छातीत कळ येऊ लागली. गोंदियाच्या डॉक्टरांनी वनस्पती तूप आणि तळण बंद केले. रोज दोन चमचे ऑलिव्हचे तेल भातावर, कच्चेच घ्यावे, ते हृदयाला मानवते, असे सांगितले.

तिथल्या औषधांच्या दुकानात या तेलाचा एकच लहान डबा होता.

"मास्टरजी, बच्चे की मालिश के लिए?" दुकानदाराने विचारले.

"आईला खायला."

"खाने के लिए?" त्याने डबा उलटून पाहिला. "दूसरा नहीं है. नागपुर से आता है."

नॅरोगेजच्या लहान गाडीने परतताना मी तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. घरी डॉक्टरांचे सांगणे आईला शब्दशः ऐकवले. तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी शाळेत लक्ष लागेना. मुलांना गणिते घालून मी व्हरांड्यात फेऱ्या मारीत राहिलो. मधली सुटी होताच घर गाठले. धूर अंगणापर्यंत आला होता.

आमच्याकडे घाण्यावरून आलेले जवसाचे तेल कढवून घेतात. भाकरीचा तुकडा टाकायचा आणि तो काळा पडेपर्यंत तापवायचे. त्यावाचून तेलाचा उग्रपणा जात नाही. आईने सबंध डबा कढईत ओतून तेच केले होते.

"हे काय केलंस?"

"कढवलं. कच्चं तेल मानूस खाते का?"

"डॉक्टरांनी कच्चंच सांगितलं होतं."

"तो डाक्टर रांधते का घरी? त्याच्या बायकोले विचार." तिने कढई उतरवली. "अन् तू काऊन असा उभा राहिला? बस, जेव."

मी जेवलो नाही.

गोंदियाला जाऊन विचारले तेव्हा डॉक्टरांनी जळलेले तेल फेकून द्यायला सांगितले. नागपूरहून नवा डबा यायला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत घास गिळताना आई थांबली की माझाही हात थांबे. वर्गात दाराशी कुणी आले की घरून निरोपच आला असे वाटे.

दुसरा डबा मी पुस्तकांच्या पेटीत कुलूप लावून ठेवला. जेवताना स्वतः दोन चमचे तिच्या भातावर ओतले. तिने ताट सरकवले.

"एरंडीवानी दिसते. पहिले तू खा."

मी माझ्या भातावर ओतून घेतले. चव कडवट, हिरव्या पाल्यासारखी. घशाला किंचित झोंबणारी. मी चेहरा हलू दिला नाही. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने भात कालवला.

"काही चव नाही याले," म्हणाली. पण ताट रिकामे केले.

पुढे कळ कमी झाली. तेलाने की तळण सुटल्याने, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. रोज मधल्या सुटीत मी घरी येई, पेटीचे कुलूप काढी आणि तिच्या देखत पहिला घास आपण घेई. मी उशिरा पोहोचलो तर ती ताटापुढे हात बांधून बसलेली असे.