चौरागडचा त्रिशूळ

शिवरात जवळ आली की आमच्या जाम गावच्या चौकातून त्रिशूळ बांधलेल्या गाड्या महादेवाच्या पहाडाकडे निघतात, अन् मले घरात बसवत नाही. दिवसभर आत-बाहेर करतो.

पंच्याहत्तर सालाच्या मागंपुढं मले विषमज्वर झाला होता. माझ्या बायकोनं, सरस्वतीनं, नवस केला, हे वाचले तर महादेवाच्या पहाडावर, चौरागडावर, त्रिशूळ वाहीन. मी वाचलो. ज्याचा नवस त्यानंच त्रिशूळ वर न्यायचा, वाटेत भुईले टेकू द्यायचा नाही, असा आमच्याकडचा रिवाज. म्हणून त्या चढावर ती पुढं, खांद्यावर माणसाएवढं लोखंड घेऊन, अन् मी मागं रिकाम्या हातानं.

बाजूनं जाणारा एक जण हसला. त्या वाटेवर सारे एकमेकाले भगतच म्हणतात. "काय हो भगत, बायकोले बैल केलं काय?"

माझं डोकं तापलं. "दे इकडे," मी ओरडलो.

तिनं वळूनही पाहिलं नाही. "नवस माहा हाय. तुम्ही निस्ते जित्ते राहा."

तेव्हा मले फक्त लोकांचं हसू ऐकू येत होतं. आता ती नाही, तर तिचा सोललेला खांदा दिसते. माझा जीव तिच्या खांद्यावरून पहाड चढत होता, अन् मी मागून फुकट चालून राह्यलो होतो.

वर पोचल्यावर तिनं देवापुढच्या ढिगात त्रिशूळ ठेवला, पदरानं तोंड पुसलं अन् म्हणाली, "बसा आता. दमले असान."

मी उभाच राह्यलो. हजार त्रिशुळांत तिचा कोणता, तेच शोधत होतो.