निवू दे, मंग बघू

लॅपटॉप हातात आला की तो आधी उलटा करायचा आणि त्याच्या पोटावर उलटा पंजा ठेवायचा, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. गिऱ्हाईक बिचारं आपली कैफियत सांगत असायचं. कधी घेतला, काय बिघडलं, चहा मुळीच सांडला नव्हता, अगदी शपथेवर. याचं लक्ष नाही. दोन-चार सेकंद डोळे मिटून उभा. मग म्हणायचा, "ताप हाय. निवू दे, मंग बघू."

नवी मुंबईत, सीवूड्सला आमच्या सेक्टरच्या मार्केटात त्याचा दुरुस्तीचा गाळा आणि माझा झेरॉक्सचा गाळा यांच्यात एकच भिंत होती. तीही छतापर्यंत पोचलेली नाही. त्यामुळे बारा वर्षं त्याची सगळी निदानं मी फुकटात ऐकली. तुमच्याही सेक्टरात असा एखादा दुरुस्तीवाला असेल. पण यंत्राला ताप येतो यावर एवढी श्रद्धा असलेला नसेल.

"आतमदी ही पट्टी हाय ना, एसएसडी, तुमचा सगला जीव हिच्यात," च्युइंगमच्या कांडीएवढी पट्टी चिमटीत धरून तो समजावायचा. "चालीस-पन्नास डिग्री म्हंजे तब्येत बरी. साठ म्हंजे कनकन. सत्तरला ती आपनहून हलू चालायला लागते, तवा आपन शहाना व्हायचा. गादीवर ठेवू नका, खालची जाली बंद करू नका. बंद करून गाडीत उन्हात पन टाकू नका."

एकदा एपीएमसीतला कांद्याचा एक व्यापारी लॅपटॉप घेऊन आला. तापला म्हणून त्याने तो रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला होता. आमच्या माणसाचा आवाज त्या दिवशी पार रस्त्यापर्यंत गेला. "म्हावरा हाय काय तो, बरफात ठेवायला? थंडीनी नाय मरत, पान्यानी मरतो. थंड वस्तू भायेर काढली का तिला घाम फुटतो, आन तो घाम आत उतरतो." मग माझ्याकडून त्याने एक पाटी छापून घेतली, 'लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवू नये'. लॅमिनेशनही करून घेतलं. लोक वाचून हसायचे. व्यापाऱ्याने मात्र त्यानंतर वर्षभर त्याला कांदे पाठवले.

आमचा माणूस करावे गावचा, कोळ्यांच्या घरातला. बायको मासळी विकायची. मीही तिच्याचकडून घ्यायचो, आणि तिला वहिनी म्हणायचो. घरात एक मुलगी, आणि त्याची आई. आई धवलारीण होती. त्या गावांत लग्नाचे विधी ब्राह्मणाइतकेच धवलारणीच्या गाण्यांवर चालतात. हळदीपासून पाठवणीपर्यंत कुठल्या वेळेला कुठला धवला म्हणायचा हे तिला ठाऊक असतं. कागदावर काही नसतं. म्हातारी थकली, तसं याच्या डोक्यात आलं की हे सगळं तिच्याबरोबर जाणार. मग दोन वर्षं, आईला बरं असेल त्या दुपारी, तो लॅपटॉप समोर ठेवून तिला गायला लावायचा आणि रेकॉर्ड करून ठेवायचा. वहिनी शेजारी बसून सासूला विसरलेली ओळ आठवून द्यायची. सासू-सुनेचं असं मेतकूट मी दुसरं पाहिलं नाही.

म्हातारी गेली. तेराव्यानंतर तो मला म्हणाला, "शेट, आता आयचा आवाज साफ करतो. मागं पंख्याचा आवाज येतो, कोंबड्या येतात. साफ झाला का चार ठिकानी ठेवतो."

"आधी चार ठिकाणी ठेव, मग साफ कर," मी म्हणालो. मला त्यातलं काही कळत नाही. गिऱ्हाइकांना तो रोज जे सांगायचा, तेच त्याला परत केलं.

"करतो रं," तो म्हणाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मे महिन्यातली गोष्ट. सकाळी त्याने घरी, गादीवर, हो, गादीवरच, लॅपटॉपला ते साफसफाईचं काम लावून दिलं आणि कुणाचं तरी मशीन अडलं म्हणून दुकानात आला. तिकडे लाइट गेली, पंखा बंद. वहिनी बाजारातून घरी आली तर लॅपटॉप तव्यासारखा. तिने फोन केला. याने नेहमीप्रमाणे कामात फोन उचलला नाही. गरमीने पट्टी मरते, एवढं तिने नवऱ्याच्या तोंडून हजारदा ऐकलेलं. सासूचा आवाज आत. मग तिने तेच केलं, जे तिची आई आणि आजी जपायच्या प्रत्येक वस्तूचं करत आल्या. लॅपटॉप पिशवीत गुंडाळला, पापलेटच्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवला, वरून बर्फ पसरला. चालूच्या चालू.

दुकानात शंभर लोकांना सांगितलेली गोष्ट घरातल्या एका माणसाला सांगायची राहिली होती. पाटी होती, ती गाळ्यात.

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन आला आणि शटर अर्धं खाली ओढून बसला. मी वाकून आत गेलो. पट्टी टेबलावर होती, एका कोपऱ्यात काळी पडलेली. लॅपटॉपमधून पाणी गळत होतं. मासळीचा वास सगळ्या गाळ्यात. त्याने पट्टीवर पंजा ठेवला नाही.

"पिशवी फाटकी व्हती," तो म्हणाला. "तशीच तापू दिली असती ना, तरी काय झाला नसता शेट. हलू झाली असती. लयच तापला तर मशीन आपनहून बंद पडला असता. त्याला अक्कल हाय तेवडी."

मी चहा मागवला.

महिनाभर त्याने ती पट्टी सोडली नाही. मुंबईत अशी कामं करणारा एक जण होता, त्याच्याकडेही पाठवली. तिथूनही नकार आला. त्या दिवशी तो माझ्या गाळ्यात येऊन बसला. "तिला सांगू नको कदी. मी सांगलाय, सगला निघाला, फकत साफ करायचा बाकी हाय."

"किती दिवस सांगणार?"

"तिनी वाचवायला ठेवला व्हता रं. मारायला नाय."

मग ते सुरू झालं. वहिनी दुकानात डबा द्यायची आणि विचारायची, "आयचा आवाज कवा ऐकवताव?" हा हातातल्या कामातून मान वर न करता म्हणायचा, "आता मशीन गरम हाय. निवू दे, मंग बघू." ती डबा ठेवून जायची. बारा वर्षं जे वाक्य मी भिंतीपलीकडून हसत ऐकलं, तेच आता ऐकवेना. मी झेरॉक्सचं मशीन उगीच चालू करायचो.

तो गेला तापानेच. पाच दिवस ताप अंगावर काढून दुकानात येत राहिला. चौथ्या दिवशी चहाचा ग्लास देताना त्याची बोटं माझ्या हाताला लागली, चांगली भाजत होती. "डॉक्टरकडे जा," मी म्हणालो. "निवेल," तो म्हणाला, आणि कुणाच्या तरी लॅपटॉपवर पंजा ठेवून उभा राहिला. मी पुन्हा म्हणालो नाही. त्याला हाताला धरून न्यायला हवं होतं. दवाखाना दोन बिल्डिंग सोडून आहे. मी दहावीच्या मार्कशीटच्या कॉप्या काढत बसलो होतो. सहाव्या दिवशी शटर उघडलं नाही. हॉस्पिटलात नेलं तोवर उशीर झाला होता.

गाळ्यात आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. भिंतीवरून गाणी ऐकू येतात. नव्या माणसाने ती फ्रीजची पाटी काढून टाकली होती. ती मी उचलून आणली. माझ्या काउंटरवर काचेखाली आहे. लोक वाचतात, हसतात.

गेल्या आठवड्यात दुपारी वहिनी आली. मासळी घेऊन हल्ली ती रोज बसत नाही. मुलीचं लग्न तोंडावर आल्याचं सांगितलं, पेढा दिला. मग मूठ उघडून माझ्यासमोर धरली. आत ती पट्टी. कोपऱ्यातला काळा डाग तसाच.

"त्यांच्या कपाटात गावली, भाऊ. हलदीला आयचं धवलं लावायचं हायेत. आता गावात गानारी कोन उरली नाय. ते बोलायचे, सगला हाय यात, फकत साफ करायचा बाकी हाय. तुमच्याकडं कंप्युटर हाय ना? लावून बघा."

मी पट्टी घेतली. खरं बोलावं, असं मनाशी ठरवलंसुद्धा. हळदीला आठ दिवस राहिले होते. कुणी गाणारी बाई शोधायची तर आताच शोधायला हवी होती. पण खरं सांगायचं म्हणजे बर्फाचं सांगायचं. करावे गावातून इथपर्यंत ती चालत, उन्हातून, मूठ घट्ट आवळून आली होती. पट्टी गरम होती.

"गरम आहे वहिनी," मी म्हणालो. "निवू दे. मग बघू."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग नजर काउंटरच्या काचेखालच्या पाटीवर गेली आणि तिथेच राहिली. वहिनीला वाचता येतं.

"ते पन असंच बोलायचे, भाऊ," ती म्हणाली.

मी पट्टी काचेवर ठेवली. वहिनी समोरच्या स्टुलावर बसली, पदराने कपाळ पुसलं, आणि आम्ही दोघं ती निवायची वाट बघत राहिलो.